बैलाच्या जिभेवरचा खांब

आमच्या पंचांगात वर्षांना जनावरांची नावे असतात; त्यातल्या डुकराच्या वर्षी दोन्ही सरकारांची माणसे आमच्या वाडीत आली आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात एक लाकडी खांब ठोकून गेली. खांबाच्या उत्तरेला चिंग बादशहाचा सिनऑन जिल्हा, दक्षिणेला इंग्रजांचा मुलूख. आमची घरे दक्षिणेला होती, निम्मी शेते उत्तरेला, आणि डुकरे त्यांच्या मनाला येईल तिकडे. खड्डा खणायला मजूर म्हणून मी होतो. तेव्हा मला एकही अक्षर येत नव्हते, त्यामुळे खांबावर काय लिहिले आहे ते दुभाष्याने सांगितले. इथे चीन संपतो, असे लिहिले आहे, म्हणाला. मी म्हटले, बरं.

त्या उन्हाळ्यात वाडीतल्या दोन डुकरिणी मेल्या, वरची विहीर आटली आणि माझ्या चुलत्याची वाचा गेली. तेव्हा म्हाताऱ्या चुंगला बोलावले. घर कुठे बांधावे, थडगे कुठे करावे हे सांगण्याचे काम चुंगकडे होते. होकायंत्राची तबकडी हातात घेऊन तो दिवसभर फिरला. वाडीमागची टेकडी म्हणजे बसलेला बैल आहे आणि त्याचे तोंड ओढ्याकडे आहे, हे आम्हाला आज्या-पणज्यांपासून माहीत होते. चुंगने शोधून काढले ते एवढेच, की दोन्ही सरकारांनी मिळून खांब नेमका बैलाच्या जिभेवर ठोकला आहे. जीभ जमिनीला खिळलेला बैल चरणार कसा आणि बैल चरला नाही तर वाडी खाणार काय, असे त्याने विचारले.

मग बैलाची जीभ जास्तीत जास्त कुठवर पोहोचते याचा त्याने हिशेब केला. उत्तरेकडे तेरा पावले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी आम्ही नऊ जणांनी खांब उपटला आणि तेरा पावले पलीकडे रोवला. पूर्वी मी खणला होता तेवढाच खोल खड्डा खणला, अक्षरे होती त्याच दिशेला ठेवली. खांबाला लाल फडके बांधले, कारण दोन राज्यांची वस्तू होती, आणि वडाखालच्या पाककुंगाला, म्हणजे आमच्या भूमीच्या देवाला, उदबत्ती लावून झाला प्रकार कळवला. खांब हलला म्हणजे हद्द हलली, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. हद्द सरकारची. आपली हद्द कुठे आहे हे सरकारला माहीत असणारच. खांब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, असे आम्ही धरून चाललो होतो.

नव्या वर्षाआधीच उरलेल्या डुकरिणीला अकरा पिल्ले झाली, विहिरीला पाणी आले. चुलताही पुन्हा बोलू लागला, पण त्याची कोणी फारशी वाट पाहत नव्हते.

खांब हलल्याचे फक्त एका माणसाच्या लक्षात यायला हवे होते. हद्दीवर इंग्रजांचा एक पंजाबी शिपाई असे. त्याला आम्ही लांबदाढी म्हणायचो. आपली पगडी धुतली की तो वडापासून खांबापर्यंत दोरी बांधून वाळत घालायचा. त्या दिवशी बाजारातून जेवून आल्यावर त्याने दोरी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी मोठी दोरी विकत आणली.

तीन वर्षे गेली. वाघाच्या वर्षी वादळात किनाऱ्यावरची बरीच घरे वाहून गेली, त्यात माझ्या थोरल्या बहिणीचेही गेले. बहिणीचे नाव सेनमोई. तिचे यजमान ल्याउ कुइशिन, म्हणजे आमचे दाजी, मिठागरात काम करणारे. मिठाइतकाच सावध माणूस, ओल दिसली की लांब. दोघे आमच्या वाडीत राहायला आली. दाजींना मिठाचे कोठार बांधायचे होते. इंग्रजांच्या हद्दीत मीठ हा गुन्हा नव्हता. चीनच्या हद्दीत सरकारी परवान्याशिवाय मीठ जवळ बाळगले तर शंभर फटके आणि तीन वर्षे परमुलखात सक्तमजुरी. पलीकडच्या बायका मीठ घ्यायला यायच्या आणि लाकडाच्या मोळीत लपवून न्यायच्या. ते त्यांचे त्या पाहतील, आपण हद्दीच्या आत राहायचे, असा दाजींचा विचार होता.

त्यांनी मला ओढ्यावर नेले. बहीण बरोबर होती.

“आखिंग, खांब हाच ना?”

“हाच, दाजी,” मी म्हटले.

खांब तोच होता. दाजींनी खांबापासून चार पावले अलीकडे मोजली, जास्तीची सावधगिरी म्हणून, आणि तिथे कोठाराचा पाया घातला. मला सांगता आले असते. पण आम्ही नऊ जणांनी गप्प राहायचे ठरवले होते, आणि खरे सांगायचे तर ते आठवलेही नाही. तीन वर्षांत ती जागा खांबाची झाली होती. विटा वाहायलाही मी मदत केली.

सशाच्या वर्षी, नवव्या महिन्याच्या सणानंतर, नामताउहून, म्हणजे चीनकडच्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याहून, मीठचौकीचे तीन शिपाई आले. त्यांच्याकडे जुना नकाशा होता. वडापासून त्यांनी पावले मोजली, कोठाराचे दार फोडले, मीठ जप्त केले आणि दाजींच्या दंडाला दोरी बांधून घेऊन गेले. जाताना दाजी खांबाकडे बोट दाखवत होते. शिपायांना वाटले ते सुटून पळण्याची वाट दाखवत आहेत, म्हणून त्यांनी दुसऱ्याही दंडाला दोरी बांधली.

बहीण शेतातून खांद्यावरच्या कावडीसकट आली. रडली वगैरे नाही. खांब कुठे आणि कोठार कुठे हे आंधळ्यालाही दिसेल, म्हणाली, आणि मला लांबदाढीकडे धाडले. लांबदाढीने ताइपोच्या गोऱ्या साहेबाला कळवले. ताइपोत नवी कचेरी झाली होती आणि साहेब तिथला न्यायाधीश, मामलेदार, पोलिसांचा मुख्य असे सगळे एकटाच होता. त्याने नामताउच्या कचेरीला पत्र लिहिले की आमच्या हद्दीत शिरून तुम्ही आमचा माणूस पकडला, तो परत करा. नामताउहून उत्तर आले की कोठार आमच्या हद्दीत नऊ पावले आत आहे, माणूस आमचा, मीठही आमचे. साहेबाने लिहिले, खांब पाहा. त्यांनी लिहिले, नकाशा पाहा. पत्रे पालखीतून जात आणि पालखीतून येत. तोवर दाजी गळ्यात लाकडी फळी अडकवून नामताउच्या कोठडीत बसले होते.

ती फळी घातली की हात तोंडापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्याने घास भरवावा लागतो. बहीण दर दहा दिवसांनी दोन दिवस चालून नामताउला जायची, नवऱ्याला जेवू घालायची आणि दोन दिवस चालून परत यायची. मधल्या दिवसांत तिथला पहारेकरी भरवायचा, पण लक्षात राहिले तर. दाजी बावन्न वर्षांचे होते. शंभर फटक्यांनंतरच्या तीन वर्षांची त्यांना काळजी करण्याचे कारण नव्हते.

पहिल्यांदा मला ताइपोला बोलावले. खांब कोणी हलवला आहे का, असा प्रश्न होता. आमच्या लोकांची शपथ कोंबड्याची. पांढऱ्या कोंबड्याची मान तोडायची आणि म्हणायचे, खोटे बोललो तर माझे या कोंबड्यासारखे होवो. साहेबाने तेवढ्यासाठी कचेरीच्या अंगणात एक ओंडका ठेवला होता. जाण्याआधी मी म्हाताऱ्या चुंगला गाठले. चुंगने विचार करून सांगितले की आपल्या पाककुंगाचा अंमल वडापासून समुद्रापर्यंत आणि टेकडीच्या शेपटीपर्यंत. ताइपोचा देव वेगळा, आणि त्याला आपल्या खांबाशी काही देणेघेणे नाही. त्याच्यासमोर तू काहीही बोललास तरी ते त्याच्या अखत्यारीतले नव्हे.

मी ताइपोला जाऊन कोंबडा कापला आणि खांब हलला नाही असे सांगितले. परत येताना पावसात भिजलो, बाकी काही झाले नाही.

पण नामताउच्या कचेरीत शू नावाचा नायब अंमलदार होता. बारीक, नीटनेटका माणूस. देवाधर्माच्या विधींचा मोठा जाणकार. कोणत्या नैवेद्याला किती वाट्या लागतात यावर त्याने एक पुस्तिका लिहिली होती म्हणे. देवांच्या हद्दी चुंगइतक्याच त्यालाही ठाऊक होत्या. त्याने लिहिले की ताइपोची शपथ पोकळ आहे. दोन्ही सरकारांनी मिळून ओढ्यावर चौकशी करावी, आणि साक्षीदाराने वाडीच्या पाककुंगासमोर शपथ घ्यावी. साहेबाने मान्य केले. सशाच्या वर्षाच्या अकराव्या महिन्यातला दिवस ठरला.

आदल्या दिवशी दुपारी मी बहिणीकडे गेलो. ती मोहरीचा पाला मिठात मुरवायला मडक्यात दाबत होती. मी तिला सगळे सांगितले. तिचे हात थांबले नाहीत.

“किती पावलं?”

“तेरा.”

“ह्यांनी तुला विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं. खांब हाच ना, म्हणून.”

“खांब हाच होता, आक्का.”

तिने पाल्यावर मूठ आपटली. “मग उद्या पण तेच सांग. खांब हाच, आणि इथेच होता.”

“पाककुंगासमोर? आक्का, मला दोन पोरं आहेत.”

“ताइपोला नाही का कापून आलास एक? तेव्हा पोरं नव्हती का?”

“ताइपोचं ताइपोला.”

तिने मडके भरले, वर दगड ठेवला, मग हात पुसत म्हणाली, “कोंबड्याचं मी बघते. तू तोंडाचं बघ.”

तिच्याकडे कोंबड्या होत्या, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटले नाही.

चौकशीच्या दिवशी दोन टेबले आली. साहेबाचे म्हणणे हद्द खांबापर्यंत, म्हणून त्याने आपले टेबल उत्तरेला अगदी खांबाला लागून मांडायला लावले. शू साहेबांचे म्हणणे हद्द वडाकडे अठरा पावलांवर, म्हणून त्यांनी आपले टेबल दक्षिणेला तिथे मांडले. अशा रीतीने साहेब चीनकडे पाठ करून बसला आणि शू साहेब इंग्रजांच्या मुलखाकडे. मध्ये दाजींचे कोठार. दोघे एकमेकांना दिसावेत म्हणून कोठाराची दोन्ही दारे उघडी ठेवली. आम्ही सगळे वडाखाली. बहीण काखेत पांढरा कोंबडा धरून उभी होती.

आधी मोजणी झाली. नकाशात वडापासून खांब अठरा पावले. साहेबाच्या माणसाला एकतीस भरली. शू साहेबांचा माणूस बुटका, त्याला छत्तीस भरली. खांब हलला आहे असे शू साहेब म्हणाले. नकाशा काढणारा उंच असेल असे साहेब म्हणाला.

मग लांबदाढीला विचारले. चार वर्षे तू इथे पहारा करतोस, खांब जागेवरून हलल्याचे कधी दिसले का? तो ताठ उभा राहिला.

“खांब नाही हलला, साहेब. दोरी आटली होती. इथल्या हवेत दोरी आटते.”

हे लिहून घेतले. हवेबद्दल शू साहेबांनी काही शंका काढली नाही.

मग मला बोलावले. बहिणीने कोंबडा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे असे पाहिले की मी मान खाली घातली. मला वाटले ती दम देते आहे. मी पाककुंगासमोर गुडघे टेकले. पाककुंग म्हणजे लाल कागद चिकटवलेला एक दगड, दुसरे काही नाही. पण माझी नाळ पुरली तेव्हा तिथे उदबत्ती लावली होती, माझ्या पोरांचीही तिथेच लावली. कोंबड्याची मान मी एका घावात तोडली आणि शपथ उच्चारली. मनगटावर रक्त आले. ते ऊन होते. साहेबाच्या दुभाष्याने विचारले, हा खांब कधी कोणी हलवला आहे का?

मी तोंड उघडले ते खोटे बोलायलाच. पण बाहेर पडले ते वेगळे. बैल, जीभ, डुकरिणी, तेरा पावले, लाल फडके, सगळे सांगितले. विहिरीला पाणी आल्याचेही सांगितले.

माझ्यामागे बहीण म्हणाली, “मेल्या.” फार मोठ्याने नाही.

माझ्या डोळ्यांसमोर दाजींची पाठ आली. फटके मोजायला कचेरीत वेगळा माणूस असतो, तो बांबूच्या काड्या टाकत जातो. मला त्या काड्यांचा आवाज ऐकू येत होता.

पण तिथे वेगळेच सुरू झाले. साहेब म्हणाला, हद्दीचा खांब उपटणे हा मोठा गुन्हा आहे आणि या माणसाला मी ताइपोला नेऊन शिक्षा करीन. शू साहेब म्हणाले, खांब आमच्या जमिनीत रोवला गेला, म्हणून याला आम्ही नामताउला नेऊन शिक्षा करू. साहेबाचे म्हणणे, गुन्हा उपटण्याचा. शू साहेबांचे म्हणणे, गुन्हा रोवण्याचा. साहेब म्हणाला, आधी उपटले. शू साहेब म्हणाले, रोवले नसते तर उपटलेले कळले असते, मग नुसतीच चोरी. मला कोणी मारायचे यावर त्यांचा निदान एक जेवण होईल एवढा वेळ गेला. खांब खांद्यावर घेऊन मी मधली तेरा पावले चाललो होतो, त्याबद्दल कोणी दावा केला नाही. बाकीच्या आठांची नावे विचारली नाहीत, म्हणून मीही सांगितली नाहीत. ते आठही जण वडाखालीच उभे होते आणि टेकडीकडे पाहत होते.

मग शू साहेबांच्या कारकुनाने त्यांच्या कानाशी तोंड नेले. शू साहेबांनी मला विचारले, हे कोणत्या वर्षी झाले? डुकराच्या वर्षी, मी म्हटले. सातव्या महिन्यात.

शू साहेब दर हिवाळ्यात हद्दीची पाहणी करायला येत. तुंगवोच्या बाजारात चहाच्या दुकानाच्या माडीवर बसून ते पाहणी करत, तिथून सगळे छान दिसते. खांब आपल्या जागी आहे असे लिहून त्याखाली शिक्का मारत. चार वर्षे, चार शिक्के. तेरा पावले राज्य चार वर्षे परक्याच्या ताब्यात होते आणि नायब अंमलदार चहा पीत होते, असे हे प्रकरण कॅन्टनला, वरच्या सुभेदाराकडे, पोहोचले असते. तिथे मिठाच्या गुन्ह्याहून मोठे गुन्हे होते.

शू साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. साहेबाला काय झाले ते कळले नाही, मग त्याच्या कारकुनाने पोलीस ठाण्याची वही पुढे केली. लांबदाढी रोज संध्याकाळी सांगायचा आणि ठाण्यात लिहिले जायचे, खांब जागेवर. प्रत्येक महिन्याखाली साहेबाची सही. साहेबाने वही मिटली. पहिल्यांदा दोघांनी कोठाराच्या उघड्या दारांतून एकमेकांकडे नीट पाहिले.

चहा मागवला. साहेबाने शू साहेबांचा चहा प्यायला आणि शू साहेबांनी साहेबाची बिस्किटे खाल्ली. मी हात वर धरून उभा होतो, कारण पुसायला सांगितले नव्हते.

चहा झाल्यावर शू साहेब उठले आणि पाककुंगापाशी आले. मेलेला कोंबडा त्यांनी पायांना धरून उचलला, दिव्यापाशी माणिक पाहावे तसा उजेडाकडे धरला, डावा पंख उचलला आणि पिसांवर फुंकर घातली. पंखाच्या आत दोन तपकिरी पिसे होती. त्यांनी दोन्ही उपटली, तळहातावर ठेवून साहेबाकडे नेली.

“शपथेचा कोंबडा निखळ पांढरा लागतो,” ते म्हणाले.

साहेबाने दुभाष्यामार्फत विचारले, नसला तर? शू साहेबांनी सांगितले, नसला तर शपथ झाली नाही. शपथ झाली नाही तर हा साक्षीदार नाही. साक्षीदार नाही तर तो काही बोलला नाही. साहेबाने विचार केला. तुमच्या रीतीरिवाजांत आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असा त्याच्या सरकारचा जाहीरनामा होता आणि तो बाजाराच्या भिंतीवर चिकटवलेला होता. साहेबाने मान हलवली आणि तसे लिहायला सांगितले.

मी तिथेच होतो, मनगटावर रक्त होते, आणि मी बोललो नव्हतो.

दुसरा कोंबडा आणण्याबद्दल कोणी काही सुचवले नाही. नकाशा चुकला असे ठरले. तो काढणारा उंदराच्या वर्षीच वारला होता, त्याने हरकत घेतली नाही. खांब जागेवर, त्या अर्थी कोठार इंग्रजांच्या हद्दीत, त्या अर्थी अटक बेकायदा. दोन्ही टेबले उचलली. जाताना साहेब चीनच्या बाजूने वळसा घालून आला आणि शू साहेब आमच्या वाडीतून गेले, त्यांच्या पालखीला तीच वाट सोयीची होती.

बारा दिवसांनी दाजींना खांबापाशी आणून सोपवले. लांबदाढीने पावती दिली, एक माणूस, जिवंत. गळ्यातली फळी काढून नामताउच्या शिपायांना परत केली, तिचीही पावती झाली. जप्त केलेले मीठ पावसात विरघळल्याचे लिहून आले होते. त्या महिन्यात पाऊस झाला नव्हता. दाजींचे पाय सुजले होते आणि मान एका बाजूला राहिली होती, ती पुढेही तशीच राहिली. त्यांना चालवेना. बहिणीने पाठीला फडके बांधले, त्यात त्यांना उचलून घेतले आणि लाकडाची मोळी आणावी तशी निघाली.

ते बारा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. वडापाशी येऊन ती थांबली, दाजींना पाठीवर जरा वर सरकवले.

“पंख उचलून बघता येत नव्हतं तुला?”

“तू सांगायचं होतंस, आक्का.”

“सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. ते वाचायला शाळेत जावं लागत नाही.” ती दोन पावले गेली आणि वळली. “रात्रभर तीन गावं हिंडले तसला कोंबडा मिळवायला. तू खोटं बोललास तर पोरांना लागू नये म्हणून. आणि तू खरं बोलून बसलास.”

दाजींना यातले काही माहीत नव्हते. तिच्या पाठीवरून ते म्हणाले, “काय झालं? कसला कोंबडा?”

“काही नाही,” बहीण म्हणाली. “तुमच्या मेहुण्याला वेळ कळत नाही. सांगायच्या वेळी गप्प बसतो.”

संध्याकाळी मी जाऊन दाजींना सगळे सांगितले. ते मान वाकडी ठेवून ऐकत राहिले. शेवटी एवढेच विचारले, की विटा वाहताना तरी आठवले नाही का? नाही, मी म्हटले. त्यांना ते पटले, आणि त्याचेच मला वाईट वाटले.

सापाच्या वर्षी लाकडी खांब काढून दगडी बसवायचे ठरले. गवंडी आले आणि जुना खांब कुठे होता म्हणून त्यांनी विचारले. खांब तिथेच उभा होता, लाल फडके लावून. मी बोट दाखवले. त्या दिवशी कोणी कोंबडा कापायला लावला नाही. दगड बसला तो आजही आहे. चिंग बादशहा राहिला नाही. शू साहेबांची मोठ्या जिल्ह्यावर बदली झाली.

चुंगच्या नातवाने वाडीत शाळा काढली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. पोरांच्या मागे बसून मी अक्षरे शिकलो. पहिल्यांदा वाचला तो दगड. पुढे ताइपोच्या कचेरीत कामाला गेलो असता तिथल्या कारकुनाने ओळखीने मला जुन्या चौकशीचा कागद दाखवला. माझे नाव त्यात नाही. दोरीबद्दल चार ओळी आहेत. पाककुंगापाशी झालेल्या प्रकाराबद्दल लिहिले आहे, एक कोंबडा, सदोष.

दाजींनी नवे कोठार वडाच्याही मागे बांधले, बैलाच्या पोटाशी. त्यांची पंचाहत्तरी झाली. अजून रोज काठी टेकत माझ्याकडे येतात. अंगणात बाक आहे, पण त्यावर बसण्याआधी ते काठीने बाक ठोकून विचारतात, “आखिंग, हा पहिल्यापासून इथेच आहे ना?” बहीण म्हणते, विचारा, विचारलेलं बरं. इतकी वर्षे मी हो म्हणत आलो, कारण तो तिथेच होता.

परवा ऊन लागते म्हणून सुनेने बाक फणसाखाली ओढला. दाजी आले, काठी ठोकली, विचारले.

“हात-दीड हात सरकवलाय, दाजी,” मी म्हटले. “आज सकाळी.”

त्यांनी वाकड्या मानेने बाकाकडे पाहिले, मग अंगणात बाकाच्या चार पायांचे जुने ठसे शोधले, आणि त्यांच्या मधोमध उन्हात जमिनीवर बसले.